प्रतिबिंबांची पेटी

केशकर्तनालयात समोरासमोर लावलेल्या दोन आरशांमध्ये उभे राहिले, म्हणजे आपली एकामागे एक अशी कितीतरी रूपे दिसू लागतात. पहिल्या आरशातील प्रतिबिंबाचे प्रतिबिंब दुसऱ्यात पडते, त्याचे पुन्हा पहिल्यात. प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश नाहीसा होतो; म्हणून दूरची रूपे अंधुक होत जातात. याच नित्याच्या अनुभवातून जोसाया मॅकएल्हेनी या अमेरिकन कलावंतांनी अपूर्व शिल्पे निर्माण केली आहेत.

मॅकएल्हेनी यांचा जन्म १९६६ सालचा. पोकळ नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन, फुंकर घालून त्याला आकार देण्याची प्राचीन विद्या त्यांनी युरोपातील निष्णात कारागिरांकडून हस्तगत केली.

त्यांच्या कलेला प्रेरणा मिळाली ती एका जुन्या संभाषणातून. १९२९ साली शिल्पकार इसामू नोगुची यांना त्यांचे मित्र, कल्पक संशोधक बकमिन्स्टर फुलर यांनी एक विचार सुचवला: सर्वस्वी चकचकीत वस्तू सर्वस्वी चकचकीत परिसरात ठेवली, तर तिची सावलीसुद्धा पडणार नाही! त्याच वर्षी नोगुचींनी फुलर यांचे मस्तकशिल्प क्रोमचा झगझगीत मुलामा देऊन घडवले.

मॅकएल्हेनी यांनी २००४ साली हा विचार एका पेटीत साकार केला. पेटीत आरशासारखी लखलखणारी काचपात्रे मांडली आहेत. त्यांचे घाट विसाव्या शतकाच्या मध्यकाळातील आहेत. पेटीच्या आतील भिंती आरशांच्या आहेत. समोरची काच मात्र अर्धपारदर्शक आरसा आहे. आत प्रखर प्रकाश आणि बाहेर मंद, यामुळे ती काच आतून आरशाचे आणि बाहेरून खिडकीचे काम करते. पात्रांच्या रांगा जणू क्षितिजापर्यंत गेलेल्या दिसतात. अमेरिकेतील मिलवॉकी कलासंग्रहालयात हे शिल्प आहे.

परंतु एक गोष्ट प्रेक्षकाला चकित करते. इतक्या आरशांत त्याचे स्वतःचे मुख कोठेच दिसत नाही! तेथे पात्रांना पात्रेच दिसतात; प्रत्येकाच्या अंगावर केवळ इतरांची रूपे उमटलेली असतात. ते जग निर्मळ आहे, नेटके आहे. पण पाहणाऱ्या माणसाला त्यात जागा नाही. सर्वच इतरांसारखे झाले, तर आपले असे काय उरेल, हा प्रश्न ती मूक पात्रे विचारतात. त्याचे उत्तर त्या पेटीत सापडत नाही. ते ज्याचे त्यानेच शोधावयाचे असते.