बालगृहातील गृहमाता : चोवीस तासांची सेवा

बालगृह म्हटले की इमारत, कोठीघर आणि हजेरीपट एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुतः या संस्थांचा खरा आधार म्हणजे मुलांच्या सहवासात रात्रंदिवस वावरणारा कर्मचारीवर्ग होय. अधीक्षक, परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, स्वयंपाकी यांचा त्यात समावेश होतो. परंतु मुलांच्या सर्वांत निकट असतात त्या गृहमाता व गृहपिता.

महाराष्ट्रात या कार्याची परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसंबंधीचा कायदा संमत झाला आणि १९२७ साली मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. पुढे १९४८ चा राज्य कायदा, १९८६ व २००० चे केंद्रीय कायदे आणि आज अमलात असलेला २०१५ चा बाल न्याय अधिनियम असे टप्पे आले. मूल हे बंदी नसून संगोपनाचा हक्क असलेली व्यक्ती आहे, ही दृष्टी त्यांतून उत्तरोत्तर दृढ झाली.

या दृष्टीचा प्रत्यक्ष भार गृहमातेवर पडतो. मुलांना उठविणे, स्नान, न्याहारी, शाळेची तयारी, औषधपाणी, भांडणे मिटविणे ही तिची दिवसाची कामे. रात्री एखादे मूल दचकून उठते, एखाद्यास ताप भरतो. नव्याने आलेले मूल पुष्कळदा बोलत नाही. उशीखाली पोळी लपवून ठेवते. उद्या जेवण मिळेल याची त्याला खात्री नसते. अशा वेळी न रागावता हे हेरणे आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या कानावर घालणे, हे कौशल्याचे काम आहे. अधिनियमानुसार प्रत्येक मुलासाठी तयार होणारा वैयक्तिक काळजी आराखडा अशा निरीक्षणांवाचून कोरडा कागद ठरेल.

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत शंभर मुलांच्या संस्थेसाठी चार गृहमाता किंवा गृहपिता सुचविले आहेत. आठ तासांच्या तीन पाळ्या आणि साप्ताहिक सुटी यांचा हिशेब केल्यास, एका वेळी साधारणतः एकच व्यक्ती शंभर मुलांसाठी उपलब्ध राहते. एखादे पद रिक्त राहिले किंवा कोणी आजारी पडले, तर सलग दोन पाळ्या करण्याचा प्रसंग ओढवतो. थकलेल्या माणसाचा संयम सुटण्याचा धोका अधिक असतो आणि त्याची झळ अखेर मुलालाच बसते.

संस्थेतील कर्मचाऱ्याने मुलाशी क्रूरपणे वागल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अशी कठोर तरतूद अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये आहे. ती आवश्यकच आहे. तथापि शिक्षेच्या भयाने अत्याचारास आळा बसेल, माया उत्पन्न होणार नाही. त्यासाठी वेळेवर भरलेली पदे, नियमित प्रशिक्षण, पुरेशी विश्रांती आणि मन मोकळे करण्याची सोय हवी.

या सेवेत वियोगही अटळ असतो. लळा लागलेले मूल कुटुंबात परतते, दत्तक जाते किंवा अठराव्या वर्षी संस्थेचा निरोप घेते. त्याला आनंदाने निरोप देऊन त्याच सायंकाळी नव्या मुलाचे स्वागत करावयाचे असते. हे कार्य करणाऱ्यांची काळजी घेणे, हा बालकल्याणाचाच एक अविभाज्य भाग मानला गेला पाहिजे.