बंगळूरचे एक मत

मराठी व्याकरणात क्रियापदाचा संकेतार्थ म्हणून एक प्रकार शिकवितात. ‘पाऊस पडता, तर पीक येते’ हे त्याचे ठराविक उदाहरण. आणि आमच्या बीडसारख्या अवर्षणाच्या मुलखात ते मुलांना फोड करून सांगावे लागत नाही. इतिहासाचे अध्यापक मात्र या अर्थास वर्गाबाहेर उभा करतात. घडले तेवढेच खरे, जर-तरला येथे थारा नाही, असा त्यांचा दंडक. प्रस्तुत लेखकास तो सर्वस्वी मान्य नाही. एखाद्या घटनेचे वजन किती, हे ती क्षणभर बाजूस सारून पाहिल्यावाचून कळत नाही. १९६९ सालच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा विचार म्हणूनच येथे संकेतार्थाने करावयाचा आहे.

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन ३ मे १९६९ रोजी दिवंगत झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, आणि नव्या उमेदवाराचे नाव ठरविण्यासाठी जुलै महिन्यात बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक बसली. हे गांधीजींच्या जन्मशताब्दीचे वर्ष. तेव्हा दलित समाजातील बाबू जगजीवनराम यांना राष्ट्रपती करावे, असे इंदिरा गांधींचे म्हणणे. पक्षातील जुन्या धुरीणांनी, ज्यांना वृत्तपत्रे ‘सिंडिकेट’ म्हणत, लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पुढे केले. मते पडली. रेड्डींच्या बाजूस कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण. जगजीवनरामांच्या बाजूस स्वतः इंदिराबाई व फक्रुद्दीन अली अहमद. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा व ज्यांच्या नावाचा प्रश्न होता ते जगजीवनराम तटस्थ राहिले. चार विरुद्ध दोन.

या चारांत दोन मते मराठी माणसांची होती, हे विसरता कामा नये. पैकी स. का. पाटील हे सिंडिकेटचेच आधारस्तंभ. त्यांचे मत कोठे पडणार हे आधीच ठरलेले होते. यशवंतरावांचे तसे नव्हते. ते देशाचे गृहमंत्री होते आणि सिंडिकेटच्या पंगतीत त्यांचे पान नव्हते. ते मत दुसऱ्या बाजूस पडते तर? कोणी म्हणेल, तरी काय होते? तीन-तीन अशी बरोबरी झाली असती आणि निजलिंगप्पांनी आपले मत रेड्डींच्या पारड्यात टाकले असते. हिशेबाने हे बरोबर आहे. परंतु पंतप्रधान आणि गृहमंत्री एका बाजूस असताना निव्वळ आपल्या एका मतावर उमेदवार लादण्याचे धाष्टर्य निजलिंगप्पांनी केले असते, असे मला वाटत नाही. बैठक लांबली असती, मनधरणी झाली असती, आणि बहुधा जगजीवनरामांचेच नाव बाहेर आले असते.

पुढे काय झाले ते सर्वविदित आहे. मोरारजींचे अर्थखाते गेले, १९ जुलैस चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, आणि त्यावर सही करून दुसऱ्या दिवशी गिरी पदमुक्त झाले ते अपक्ष म्हणून उभे राहण्यासाठी. जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांनी चिंतामणराव देशमुखांना उभे केले. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपदाचा त्याग करणारे आणि मेघदूत मराठीत आणणारे हे गृहस्थ राष्ट्रपतिभवनात बसते तर संस्कृताच्या आम्हा उपासकांना काय वाटले असते, ते लिहीत बसलो तर विषय राहून जाईल. असो. निजलिंगप्पांनी या दोन पक्षांशी दुसऱ्या पसंतीच्या मतांबद्दल बोलणे केले. त्याचेच निमित्त होऊन, सदसद्विवेकबुद्धीस स्मरून मत द्यावे, अशी हाक इंदिराबाईंच्या बाजूने उठली. ज्या रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर त्यांची स्वतःची सही होती, त्यांच्याविरुद्ध.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० तारखेस मोजणी. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. कोटा ४,१८,१६९ चा. तो कोणीच गाठला नाही. मग खालच्या उमेदवारांची दुसरी पसंती वाटली गेली, तेव्हा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. अंतर १४,६५० चे. पण खासदाराच्या एका मताचे मूल्य ५७६ होते. तेरा खासदार इकडचे तिकडे जाते, तर गिरींचे ४,१२,५८९ राहून रेड्डींचे ४,१२,९१५ झाले असते. घरातील मुलांकडून ही वजाबाकी करून घ्यावी. बारा खासदारांनी मात्र काम भागत नाही.

यांतील एक मत बीडचे होते. १९६७ साली या जिल्ह्याने लोकसभेवर कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना पाठविले होते, आणि त्यांचा पक्ष गिरींच्या पाठीशी होता. १९४२ च्या साताऱ्याच्या लढ्यातले दोन वीर, नाना पाटील आणि यशवंतराव, सत्तावीस वर्षांनी या निवडणुकीत असे दोन टोकांस उभे दिसतात.

मोठ्या घरात वाटणी होते ती बहुधा शेतापायी होत नाही. कार्यात पुढचा पाट कोणाचा, एवढ्याशा गोष्टीवरून चुली वेगळ्या होतात. खरी तेढ जुनीच असते. काँग्रेसचे तसेच झाले. नोव्हेंबरात इंदिराबाईंना पक्षातून काढले, पक्ष दुभंगला, आणि यशवंतराव राहिले ते इंदिराबाईंकडे! अल्पमतातील सरकारने डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित करविली. क्रांतिसिंहांची खासदारकी त्यामुळे वर्षभर आधी संपली. १९५२ पासून चार वेळा आमच्या जिल्ह्याने लोकसभा व विधानसभा यांना एकदमच मते दिली होती. आता १९७१ साली एक आणि १९७२ साली दुसरी, असे दोनदा केंद्रावर जावे लागले.

जगजीवनराम उमेदवार असते तर? १९६७ साली झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ मते मिळून ते सहज निवडून आले होते. मधल्या काळात काही प्रांतांत काँग्रेसची पीछेहाट झाली होती हे खरे. तथापि एकजूट राहिलेल्या पक्षास विजय अशक्य नव्हता, आणि इंदिराबाईंचे बळ मागे नसता गिरींना उभे राहण्यात स्वारस्यही उरले नसते. तेढ मिटली असती असे मी म्हणत नाही. बँका आणि मोरारजी हे प्रश्न होतेच. पण वाटणी लांबली असती. १९७१ च्या युद्धात संरक्षणमंत्री मात्र दुसरे कोणी असते.

माझ्या मते याहून मोठी हानी निराळीच. शाळेच्या कचेरीत राष्ट्रपतींची तसबीर असते. गावकुसाबाहेरून अनवाणी येणाऱ्या मराठवाड्यातील मुलाने गांधी शताब्दीच्या वर्षी त्या चौकटीत जगजीवनरामांना पाहिले असते. ती तसबीर लागली १९९७ साली, के. आर. नारायणन यांची. अठ्ठावीस वर्षांत त्या मुलाची मुले शाळा सोडून गेली होती.

बंगळूरची दोन नावे मात्र पुन्हा समोरासमोर आली. हरलेले संजीव रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले. ऑगस्ट १९७९ मध्ये चरणसिंगांचे मंत्रिमंडळ कोसळले, तेव्हा जनता पक्षाचे नेते म्हणून जगजीवनरामांनी सरकार बनविण्याचा हक्क सांगितला. रेड्डींनी त्यांना पाचारण न करता २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. कोसळलेल्या त्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान होते यशवंतराव चव्हाण.