सोनागाछीची पतपेढी आणि आपले गैरसमज

पतपेढीत पैसे ठेवणारा माणूस जास्त व्याजाला भुललेला असतो, असं बँकेत खातं असलेल्या घरांमध्ये सर्रास बोललं जातं. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. पण माणसं बँक सोडून सहकारी पतसंस्थेकडे का वळतात याचं उत्तर नुसत्या व्याजदरात शोधलं, तर मुख्य गोष्टच राहून जाते. ती समजून घ्यायची तर कोलकात्याच्या सोनागाछीकडे पाहावं.

उत्तर कोलकात्यातली ही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची जुनी वस्ती. डॉ. स्मरजित जाना यांनी 1992 मध्ये इथे एचआयव्हीचा प्रसार रोखण्याचं काम सुरू केलं. काम पुढे गेलं तसं एक लक्षात आलं. निरोध वापरायला हवा हे बाईला पटलेलं असायचं, पण तो न वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं तिला परवडत नव्हतं. सावकाराचा माणूस रोजचा हप्ता मागायला दारात उभा असायचा, आणि त्याच्या व्याजाचा वार्षिक दर काढला तर तो शंभर टक्क्यांच्या कितीतरी पुढे जायचा. आजाराचा प्रश्न कर्जाच्या प्रश्नात अडकलेला होता.

मग या स्त्रिया बँकेत का जात नव्हत्या? त्या काळी खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. पत्त्याचा पुरावा लागे, आणि खोली तर दुसऱ्याच्या नावावर. अर्जात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लिहायचं, व्यवसायाच्या रकान्यात काहीतरी भरायचं, आणि काउंटरपलीकडच्या नजरेला तोंड द्यायचं. त्यापेक्षा पैसे मालकिणीकडे किंवा एखाद्या ‘बाबू’कडे, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे, ठेवणं सोपं वाटे. ते परत मिळतीलच याची शाश्वती नसे.

1995 मध्ये या स्त्रियांनी स्वतःचीच सहकारी संस्था काढायचं ठरवलं: उषा मल्टिपर्पज को-ऑपरेटिव्ह सोसायटी. सुरुवातीला सभासद होत्या तेरा. नोंदणीच्या वेळी कायद्यातली ‘चांगल्या नैतिक चारित्र्या’ची अट आडवी आली. अर्जात ‘गृहिणी’ लिहा, म्हणजे काम होईल, असा सल्लाही मिळाला. त्यांनी तो नाकारला. आपण जे काम करतो तेच कागदावर लिहिलं जाईल, हा त्यांचा आग्रह होता. अखेर राज्य सरकारने अट बाजूला सारली आणि संस्थेची नोंद झाली. भारतातल्या सहकाराच्या इतिहासात या प्रसंगाला मानाचं पान मिळायला हवं. आपल्याकडे सहकारावर इतकी पुस्तकं लिहिली जातात, त्यांत तो क्वचितच सापडतो.

पुढे सभासदांची संख्या वीस हजारांच्या वर गेली. संस्थेची माणसं दारोदार फिरून रोजची बचत गोळा करतात. आपल्याकडच्या पिग्मी एजंटसारखीच ही पद्धत. कर्ज मुलांच्या शिक्षणासाठी, घर बांधण्यासाठी, आजारपणासाठी, सावकाराचं देणं फेडण्यासाठी मिळतं. संचालक मंडळ सभासदांमधूनच निवडून येतं. ज्या बाईला कोणी दारात उभं करत नव्हतं, ती कर्जाच्या अर्जावर निर्णय घेऊ लागली.

म्हणजे ही फक्त बँकेने नाकारलेल्यांची सोय, असा दुसरा समज यातून होऊ शकतो. तोही बरोबर नाही. रेल्वे, टपाल, सरकारी कचेऱ्या, गिरण्या, शाळा या सगळ्या ठिकाणी सेवकांच्या पतसंस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, कोलकात्यात आणि मुंबईतही. त्यांच्या सभासदांचा पगार बँकेतच जमा होतो. तरीही मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या दुरुस्तीला ते सोसायटीचं कर्ज काढतात, कारण तिथे तारण लागत नाही, दोन सहकारी जामीन राहतात आणि हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. 2014 मध्ये जन-धन योजना आल्यापासून खातं उघडणं पुष्कळ सोपं झालं. पण खातं असणं आणि गरजेच्या वेळी कर्ज मिळणं यांत मोठं अंतर आहे.

मूळ फरक मालकीचा आहे. बँकेत तुम्ही ग्राहक असता. पतसंस्थेत भाग घेतलेला सभासद मालक असतो, आणि भाग एक असो वा हजार, मत एकच. नफ्यावर भागधारकाने हवा तेवढा हात मारावा अशीही सोय नसते. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात लाभांशाला 15 टक्क्यांची कमाल मर्यादा घातलेली आहे. नफ्यातला ठरावीक वाटा राखीव निधीत टाकावाच लागतो.

क्रेडिट युनियन ही अमेरिकेची कल्पना आणि आपल्या पतसंस्था म्हणजे तिची देशी नक्कल, असंही काही जण मानतात. घडलं जवळजवळ उलट. बीज जर्मनीतलं, फ्रीड्रिश राइफायझन यांच्या गावोगावच्या पतसंस्थांचं. भारतात बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1889 मध्येच अशी परस्पर साहाय्याची मंडळी उभी राहिली होती, आणि 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. 1907 मध्ये बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन जगप्रवासात कोलकात्याला आले. तिथे त्यांची गाठ विल्यम गोर्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याशी पडली, जे बंगालमध्ये सहकारी पतसंस्था उभारत होते. सावकाराच्या विळख्यातून सुटू पाहणारी बंगालची खेडी पाहून फायलीन भारावले. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आल्फोन्स देजार्दँ यांनी 1900 मध्ये अशी संस्था काढलेलीच होती. मॅसॅच्युसेट्सने 1909 मध्ये क्रेडिट युनियनचा कायदा केला आणि 1934 मध्ये तो सगळ्या देशासाठी आला, त्यामागे फायलीन यांची कित्येक वर्षांची धडपड होती. आज अमेरिकेत कोट्यवधी लोक ज्या संस्थांचे सभासद आहेत, त्यांच्या घडणीत बंगालच्या खेड्यांचा वाटा आहे.

आता सर्वांत महागात पडणाऱ्या गैरसमजाकडे येतो. अमेरिकेत क्रेडिट युनियनमधल्या ठेवीला सरकारी विमा आहे, बँकेइतकाच, अडीच लाख डॉलरपर्यंत. आपल्याकडे 4 फेब्रुवारी 2020 पासून बँकेतल्या प्रत्येक ठेवीदाराला 5 लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. त्यात सहकारी बँका येतात. पतसंस्था येत नाहीत. हे वाक्य पुन्हा वाचावं, कारण सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था एकच, असं समजून आयुष्याची पुंजी ठेवणारी माणसं गावोगाव आहेत. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो. पतसंस्थेची फक्त सहकार निबंधकाकडे नोंद असते, आणि ती सभासदांपुरतीच व्यवहार करू शकते. म्हणूनच सहकारी संस्थांनी नावात ‘बँक’ शब्द वापरू नये, असा इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये जाहीरपणे दिला. ज्या उषाचं एवढं कौतुक केलं, तीही परवानाधारक बँक नाही, त्यामुळे या विम्याचं छत्र तिच्या ठेवींवरही नाही.

सरकारी नोंदणी म्हणजे सरकारची हमी नव्हे. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेटमध्ये किंवा बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ज्यांचे पैसे अडकले, त्यांना हे सांगायला नको. त्या संस्थांचीही रीतसर नोंदणी होती. ‘मल्टिस्टेट’ या शब्दाने संस्था मोठी आणि म्हणून सुरक्षित वाटते. त्याचा अर्थ एवढाच, की तिचा निबंधक पुण्यात नसून दिल्लीत आहे. 2023 च्या कायदेदुरुस्तीने या संस्थांसाठी निवडणूक प्राधिकरण आणि लोकपालाची तरतूद केली. ती गरजेची होती.

मात्र या घोटाळ्यांवरून सगळ्या सोसायट्या म्हणजे चिटफंड, असं म्हणणं अन्यायाचं आहे. कोलकात्यात हे वाक्य एप्रिल 2013 नंतर फार ऐकू येतं. त्या महिन्यात शारदा समूह कोसळला आणि सुमारे 17 लाख ठेवीदार उघड्यावर आले. त्याआधी 1980 मध्ये संचयिता इन्व्हेस्टमेंट्सने याच शहराला असाच तडाखा दिला होता. पण शारदा हा खासगी कंपन्यांचा समूह होता, संचयिता ही भागीदारी पेढी. दोन्हीकडे ठेवीदाराला मत नव्हतं, सर्वसाधारण सभा नव्हती, हिशेब मागण्याची जागा नव्हती. कायद्याच्या भाषेत ते चिटफंडही नव्हते. नोंदणीकृत चिट फंडांसाठी 1982 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात ठरावीक गटातले लोक आळीपाळीने भिशीसारखी रक्कम उचलतात. शारदाचे एजंट ओळखीपाळखीतलेच होते, घरी येऊन पैसे नेत होते. घरी येणं हा सचोटीचा पुरावा नाही, एवढं मात्र त्यातून शिकावं.

बँक कधी बुडत नाही, या समजालाही कोलकात्याच्या इतिहासात आधार नाही. फाळणीच्या आसपास बंगालमधल्या कितीतरी खासगी बँका बुडाल्या. त्या पडझडीत चार बँका एकत्र करून 1950 मध्ये युनायटेड बँक ऑफ इंडिया उभी केली गेली. मुंबईकरांना 2019 ची पीएमसी बँक आठवत असेल, जिथे सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा होती.

तर पतसंस्था निवडावी का? माझं मत असं: जिथल्या संचालकांना तुम्ही ओळखता, जिथे कर्जदार आणि ठेवीदार एकाच कचेरीतले, वस्तीतले किंवा व्यवसायातले आहेत, तिथे जरूर सभासद व्हावं. एकमेकांवर नजर असणं हेच तिथलं खरं तारण असतं, आणि संस्था ओळखीच्या वर्तुळाबाहेर भराभर शाखा काढू लागली की ते विरघळतं. आसपासच्या बँकांपेक्षा फार मोठं व्याज कोणी देऊ करत असेल, तर ते कोणत्या कर्जांमधून कमावलं जातं हे विचारावं. निवृत्तीची सगळी रक्कम एका पतसंस्थेत कधीच ठेवू नये.

महाराष्ट्रात प्रत्येक संस्थेला लेखापरीक्षणाचा वर्ग मिळतो, अ पासून ड पर्यंत. तो विचारायला संकोच नको. थकबाकीचं प्रमाण किती, संचालकांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलं, तुम्ही पूर्ण सभासद आहात की फक्त नाममात्र, हेही पाहावं. नाममात्र सभासदाला मत नसतं. महाराष्ट्राच्या 1960 च्या कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सभासदाला संस्थेची लेखापरीक्षित हिशेबपत्रकं आणि उपविधी पाहता येतात. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि अहवाल त्याआधी हातात यायला हवा.