हिंसक अतिरेकवाद, पोलीस आणि पाडा : कलकत्त्याचा अनुभव

न्यायमूर्ती सिडनी रौलट यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या बहुतेक बैठकी 1918 च्या प्रारंभी कलकत्त्यातच झाल्या. तिच्या अहवालास जोडलेला एक तक्ता आजही लक्षपूर्वक वाचावा असा आहे. 1907 ते 1917 या काळात बंगालमध्ये क्रांतिकारी कृत्यांबद्दल ज्यांना शिक्षा झाली किंवा ती करताना जे मारले गेले, अशा 186 जणांचे वय, जात आणि व्यवसाय त्यात नोंदलेले आहेत. त्यांपैकी 48 जण 16 ते 20 वर्षांचे व 76 जण 21 ते 25 वर्षांचे होते; 68 जण विद्यार्थी होते. परकीय सत्तेविरुद्ध लढणाऱ्या या तरुणांची पुढील काळातील कोणत्याही गटाशी तुलना करण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रश्न राज्यकर्त्यांच्या दृष्टीचा आहे. एवढी तपशीलवार माहिती हाती असूनही समितीची कारणमीमांसा मुख्यतः चिथावणीखोर वाङ्मय आणि शाळा-महाविद्यालयांतील गुप्त प्रभाव यांपाशीच थांबली, आणि तिने सुचविलेल्या उपायांतून 1919 चा विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा जन्मास आला. माहिती आणि समज यांतील हे अंतर कलकत्त्याच्या पोलिसांना पुढे फार महाग पडले.

अर्धशतकानंतर तेच शहर पुन्हा तरुणांच्या हिंसेने हादरले. मात्र या वेळी राज्य स्वकीयांचे होते. 1967 मध्ये नक्षलबारी येथे सुरू झालेल्या शेतकरी उठावातून 1969 मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी-लेनिनवादी) स्थापन झाला, आणि 1970 मध्ये चारू मजुमदार यांच्या 'वर्गशत्रूंच्या निर्मूलना'चा कार्यक्रम खेड्यांतून महानगरात आला. विद्यासागरांच्या पुतळ्याचा शिरच्छेद झाला. रस्त्यावर वाहतूक सांभाळणारे साधे शिपाई भोसकले गेले. 30 डिसेंबर 1970 रोजी जादवपूर विद्यापीठाचे कुलगुरू गोपाल सेन यांची विद्यापीठाच्या आवारातच हत्या झाली. हे करणाऱ्यांत प्रेसिडेन्सी कॉलेजातील हुशार विद्यार्थी होते, तसेच निर्वासितांच्या वसाहतींतील बेकार मुलेही होती. दोघांना एकाच मार्गावर आणणारी कारणे एकच होती असे मानणे चुकीचे ठरेल.

पोलिसांनी हा भेद करण्याचा प्रयत्न क्वचितच केला. ज्यांचे सहकारी रोज मारले जात होते त्यांच्याकडून तशी अपेक्षा करणे सोपे नव्हे, हेही खरे. परंतु संपूर्ण मोहल्ल्याला वेढा घालून घरोघर झडती घ्यावयाची व हाती लागतील ते तरुण उचलून न्यावयाचे, या पद्धतीचा परिणाम उलटा झाला. मोहल्ल्यास बंगालीत 'पाडा' म्हणतात. पाड्यात कोण कोणाकडे येतो-जातो हे चहाच्या दुकानातील बाकावर बसणाऱ्यांस ठाण्यातील अंमलदारापेक्षा अधिक ठाऊक असते. तेच लोक आता एकीकडे सुऱ्याच्या व दुसरीकडे ठाण्याच्या भयाने मुके झाले. 12 व 13 ऑगस्ट 1971 रोजी काशीपूर-बरानगर भागात तरुणांची वेचून कत्तल झाली, तेव्हा पोलीस ती थांबविण्यास पुढे आले नाहीत. मृतांच्या संख्येविषयी एकमत नाही. परंतु त्या दोन दिवसांनंतर तेथील कोणता बाप आपल्या मुलाविषयीची शंका घेऊन ठाण्याची पायरी चढला असता? 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाश्वेता देवींच्या 'हजार चुराशीर मा' या कादंबरीचे नाव शवागारातील प्रेताच्या क्रमांकावरून आले आहे. मुलगा कोणत्या वाटेने गेला याचा शोध त्यातील आई त्याच्या मृत्यूनंतर घेते.

योगायोग असा की, याच 1971 साली केंद्र सरकारने पोलीस-प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पोलीस अधिकाऱ्याकडे न देता मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संचालक प्रा. मा. स. गोरे यांच्याकडे सोपविले. कवायत, कायद्याची कलमे व शस्त्र चालविणे यांपलीकडे मानवी वर्तनाचे व सामाजिक परिस्थितीचे ज्ञान पोलिसास हवे, ही या समितीच्या 1973 च्या अहवालातील भूमिका होती. ती कागदावर सर्वमान्य झाली. परेडच्या मैदानावरून वर्गात मात्र सावकाश उतरली.

अशा शिक्षणाने शिपायास नेमके काय यावयास हवे? तरुण सहसा ग्रंथ वाचून शस्त्र उचलीत नाही. थोरल्या भावाचा मित्र, वसतिगृहातील सोबती, एखादा लाडका शिक्षक यांच्या मागून तो जातो. विचारसरणी पुष्कळदा मागाहून येते. प्रथम तो भिंतीवर घोषणा रंगवितो, मग निरोप पोहोचवितो, मग कोणास तरी एक रात्र घरात लपवितो. या प्रत्येक पायरीवरून परत फिरता येते, आणि घरच्यांच्या व शेजाऱ्यांच्या ध्यानात बदल येतो तोही याच टप्प्यांवर. घोषणा रंगविणाऱ्यास व खून करणाऱ्यास एकाच कोठडीत एकच वागणूक मिळाली, तर पहिल्यास दुसऱ्याची दीक्षा देण्याचे काम कोठडीच करते.

समाजाच्या शिक्षणाचा प्रश्न येथे पोलिसांच्या वर्तनाशी जोडला जातो. संशयाची लक्षणे लोकांस शिकविणे कठीण नाही; ती सांगितल्यावर मुलगा जिवंत व धड परत येईल, ही खात्री देणे कठीण आहे. या दृष्टीने पश्चिम बंगालमधून आलेल्या एका पत्राचे महत्त्व मोठे आहे. राज्यातील कायदेविषयक साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी 1986 मध्ये कोठडीतील मृत्यूंविषयी सर्वोच्च न्यायालयास लिहिले. त्यावर 18 डिसेंबर 1996 रोजी निकाल देताना न्यायालयाने अटकेसंबंधी 11 बंधने घालून दिली. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे, नातलगांस कळविले पाहिजे, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. पुढे यांपैकी पुष्कळ तरतुदी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आल्या.

1990 च्या दशकाच्या अखेरीस कलकत्ता पोलिसांनी ठाण्यांच्या आवारात गरीब मुलांसाठी 'नवदिशा' वर्ग सुरू केले आणि पाड्यांतील मुलांच्या फुटबॉल स्पर्धा भरविल्या. यांस कोणी किरकोळ समाजकार्य म्हणेल. पण ठाण्यात भीतीवाचून शिरलेले मूल ही 1971 च्या कलकत्त्यात कल्पनेपलीकडील गोष्ट होती. बसू खटल्यातील एक बंधन तर सरळ पाड्यास उद्देशूनच आहे: अटकेच्या वेळी लिहावयाच्या टिपणावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा त्या वस्तीतील एखाद्या प्रतिष्ठित रहिवाशाची साक्षीदार म्हणून सही असली पाहिजे, आणि त्याखाली अटक झालेल्याचीही.