वाडीचा सालाखेरचा हिशेब

मागील लेखांकात विहीर, पंप आणि पाट यांची व्यवस्था आपण पाहिली. आता श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर मृगाचा पाऊस स्थिरावला आहे, आळ्यांना पाणी लावण्याचे काम संपले आहे, तेव्हा सरलेल्या सालाकडे वळून पाहण्यास हाच काळ योग्य. सरकारचे महसुली साल १ ऑगस्टला सुरू होते, व्यापाऱ्याच्या वह्या बलिप्रतिपदेला उघडतात, पंचांग पाडव्याला बदलते. परंतु नारळी-पोफळीच्या वाडीचे साल आमच्या घरात मृगापासूनच धरतात, कारण शिंपण्याची जबाबदारी ज्या दिवशी माणसाच्या अंगावरून उतरून आभाळाकडे जाते, त्या दिवसापासून वाडीतील सर्व कामांचा क्रम नव्याने लागतो.

यंदा जमेच्या बाजूला नारळ कमी पडला. पौषातल्या पाडणीला ही तूट विशेष जाणवली, आणि घरातील तरुण मंडळींनी तिचा दोष सरळ यंदाच्या खतावर ठेवला. वस्तुत: नारळाचा हिशेब एका सालात बसत नाही. नारळाच्या शेंड्यातून साधारणत: महिन्याला एक झावळी निघते आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय असते, हे पुष्कळांस ठाऊक असते, परंतु ती पोय उकलण्याच्या सुमारे ३२ महिने आधी तिचा अंकुर शेंड्याच्या गाभ्यात धरलेला असतो, आणि उकललेल्या पोयीतील मादीफुलाचा पक्व नारळ होण्यास पुढे आणखी १२ महिने जातात, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. म्हणजे पौषात जो नारळ भुईवर आला, त्याचा आरंभ ४४ महिन्यांपूर्वीच्या वैशाखातला. वडिलांच्या हातच्या वहीत त्या वैशाखाचे पान काढून पाहिले, तेव्हा विहिरीने तळ गाठल्याची आणि पाण्याची पाळी आठवड्यावर गेल्याची नोंद मिळाली. कोवळ्या फळांची गळ, कोळी, खताची उणीव यांचाही वाटा असू शकतो, एकाच कारणावर सारा भार टाकणे योग्य नव्हे. तथापि उत्पन्न घटले म्हणून जो मालक यंदा खतपाण्याला हात आखडता घेतो, तो पुढच्या तीन-चार सालांच्या उत्पन्नाला आजच कात्री लावतो, हे माझे पूर्ण विचारांती झालेले मत आहे.

पोफळीची गोष्ट निराळी. तिचा निकाल पाऊस तात्काळ देतो. गेल्या आषाढात पावसाने उघडीपच दिली नाही आणि कोळेरोगाने घड धरले. प्रथम हिरव्या सुपारीवर देठाजवळ पाणी मुरल्यासारखा गडद डाग येतो, मग त्यावर पांढुरकी बुरशी पसरते, आणि फळे गळून बुंध्याशी खच पडतो. यावर बोर्डो मिश्रण हाच जुना व खात्रीचा उपाय : १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, दोन्ही द्रावणे मातीच्या वा प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळी करून मग एकत्र करावीत. त्यात विळ्याचे घासून स्वच्छ केलेले पाते क्षणभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे असे समजून तो वाढवावा. पहिली फवारणी पावसापूर्वी आणि दुसरी सुमारे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी करावयाची असते, परंतु दुसऱ्या वेळी निसरड्या खोडावर चढणाऱ्या गड्याचा जीव धोक्यात घालावा लागतो, म्हणून उघडीप मिळेपर्यंत फवारणी लांबवली. सुपारी गेली, त्याची खंत वाटते. निर्णय मात्र बरोबरच होता.

३ जून २०२० रोजी, मृगाला चार-पाच दिवस उरले असताना, निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या, त्यांत आमची निम्म्याहून अधिक पोफळ गेली. त्यानंतर लावलेल्या रोपांपैकी काहींना यंदा प्रथमच फुलोरा आला, आणि आमच्या वृद्ध काकूंनी सुनेचा हात धरून प्रत्येक झाडापाशी जाऊन तो पाहिला. हिशेबाच्या वहीत या घटनेपुढे अद्याप रक्कम लिहिता येत नाही, तरीही सालातील सर्वांत मोठी जमा मी तीच समजतो.

वादळाच्या आदल्या साली केळीच्या सावलीत लावलेली जायफळाची रोपेही यंदा फुलली. जायफळात नर आणि मादी झाडे निराळी. बियांपासून वाढवलेले झाड सहा-आठ वर्षांनी फुलेपर्यंत ते कोणते हे डोळ्यांनी सांगता येत नाही. झुपक्यांनी येणारी पिवळसर, घंटेच्या घाटाची बारीक फुले दिसली, त्यांतले एक नखाने उकलले, आत बीजकोश नव्हता. निम्मी झाडे नर निघाली. अशी झाडे रागाने सरसकट तोडू नयेत, कारण दहा मादी झाडांमागे एक तरी नर हवाच. विहिरीजवळचे एक झाड तसेच ठेवायचे ठरले आहे. उरलेल्यांवर मादी झाडाची कलमे केव्हा व कशी बांधावी, त्याचा विचार पुढील लेखांकात करू.