बाळाच्या हिरडीवर गाठ दिसली तर...

● जन्मजात एप्युलिस : जन्मतःच हिरडीवर दिसणारी गुळगुळीत, गुलाबी गाठ, बहुधा वरच्या जबड्यावर, मुलींमध्ये अधिक. डॉ. नॉयमान यांनी १८७१मध्ये प्रथम नोंदवली. हा कर्करोग नव्हे. दूध ओढता येत नसेल तर छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. सहसा पुन्हा होत नाही.

● मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल गाठ : पहिल्या वर्षात, बहुधा वरच्या जबड्यात. निळसर-काळी, झपाट्याने वाढणारी. काढल्यावरही पुन्हा होऊ शकते. म्हणून फेरतपासणी चुकवू नका.

● हे करू नका : गाठ टोचणे, दोरा बांधणे, डागणे.

● कुठे जावे : नांदेडला विष्णुपुरीचे, लातूरला शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. गावच्या आशा स्वयंसेविकेलाही सांगा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत तपासणी मोफत आहे.