मज्जारज्जू आणि मांड

अश्वारोहणातील ड्रेसाज ही स्पर्धा प्रथमच पाहणाऱ्याला तीत फारसे काही घडत नाही असे वाटण्याचा संभव आहे. 60 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद अशा रिंगणात घोडा कधी कदमचालीने, कधी दुडकीने, कधी संथ चौखूर चालतो, तिरपा सरकतो, जागच्या जागी ताल धरतो; आणि स्वार मात्र, या सर्वांशी आपला संबंधच नाही असा, पाठ ताठ ठेवून स्तब्ध बसलेला दिसतो. त्या स्तब्धतेच्या आड वस्तुतः अखंड संभाषण चाललेले असते. लगामाचा हलका ताण, कमरेचा व पाठीचा भार आणि पोटरीचा व टाचेचा दाब, या तीन मार्गांनी स्वाराचा हुकूम घोड्याला पोहोचतो. त्यांपैकी पोटरीचे काम सर्वांत आधी शिकवले जाते, कारण घोड्याला पुढे काढणे आणि बाजूला सारणे मुख्यतः तिच्याकडे असते. तेव्हा जिच्या दोन्ही पोटऱ्या निकामी झाल्या आहेत अशा स्त्रीने ऑलिंपिकच्या रिंगणात उतरून दोनदा रौप्यपदक मिळवावे, ही घटना केवळ कौतुक करून सोडून देण्यासारखी नाही. ती घडली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे.

लीस हार्टेल या डेन्मार्कच्या. 1943 आणि 1944 अशी लागोपाठ दोन वर्षे ड्रेसाजचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याकडे होते. 1944 च्या सप्टेंबरात, वयाच्या 23 व्या वर्षी, दुसऱ्या अपत्याच्या वेळी गरोदर असताना त्यांना पोलिओने गाठले. मुलगी सुखरूप जन्माला आली. पण आईचे हात दुर्बळ झाले आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले.

येथे या व्याधीचे स्वरूप थोडे ध्यानात घेतले पाहिजे. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील ज्या पेशींचा नाश करतो, त्या स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या पेशी होत; स्पर्श, दाब, कंप यांची वर्दी मेंदूकडे नेणारी यंत्रणा निराळी असते आणि ती बहुधा शाबूत राहते. म्हणजे रुग्णाला पाय उचलता येत नाही, परंतु पायाला काय लागले ते कळते. ज्या पेशी वाचतात त्यांच्यावर मृत पेशींच्या वाट्याचेही काम पडते, म्हणून स्नायू लवकर थकतात, आणि ही थकावट तापाबरोबर उतरत नाही, जन्मभर सोबत करते. हार्टेलबाईंच्या हातून हालचालीचा मोठा भाग गेला होता, पण घोड्याच्या पाठीचा प्रत्येक हेलकावा जाणण्याची शक्ती मात्र गेली नव्हती. ड्रेसाजचा निम्माअधिक कस त्या जाणिवेतच असतो, असे माझे मत आहे.

कुबड्यांवर उभे राहण्यास शिकल्यावर त्यांनी पुन्हा घोडा मागितला. चढताना आणि उतरताना दुसऱ्याने त्यांना उचलावे लागे. पोटरीचे काम त्यांनी पाठ, कंबर आणि मांड्यांकडे सोपवले. ज्युबिली नावाच्या घोडीने ही नवी भाषा आत्मसात केली: स्वाराचे वजन किंचित सरकले की घोडीने त्याचा अर्थ ओळखायचा. 1947 साली स्कँडिनेव्हियातील स्पर्धेत त्या दुसऱ्या आल्या.

ऑलिंपिकचे दार मात्र व्याधीखेरीज आणखी एका कारणाने बंद होते. तोवर ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये केवळ लष्करी अधिकाऱ्यांनाच भाग घेता येई. हा दंडक किती कडक होता पाहा: 1948 च्या लंडन ऑलिंपिकसाठी स्वीडनने येनाल पेरसन या सार्जंटाला तात्पुरता लेफ्टनंटचा हुद्दा दिला होता, ते उघडकीस येताच स्वीडनच्या संघाचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. 1952 साली हेलसिंकीत ही अट गेली. साध्या सैनिकांना, नागरिकांना आणि स्त्रियांनाही प्रवेश मिळाला. ड्रेसाजमध्ये चार स्त्रिया उतरल्या. स्वीडनचे आंरी सां सीर 561 गुणांनी पहिले आले, हार्टेलबाई 541.5 गुणांनी दुसऱ्या, आणि फ्रान्सचे आंद्रे जूसोम अवघ्या अर्ध्या गुणाने मागे राहून तिसरे. पदक स्वीकारण्यासाठी चौथऱ्यावर चढणे हार्टेलबाईंना अशक्य होते. सां सीर यांनी त्यांना हात देऊन वर घेतले. आपल्या साताऱ्याकडच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले ते याच हेलसिंकीत.

त्याच उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ उसळली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या गळ्यात नळी घालून हाताने रबरी पिशवी दाबत राहण्याचा उपाय ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी सुचवला, आणि शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून त्यांना श्वास पुरवत राहिले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तेथे मानला जातो. पदक घेऊन आलेली बाई कोणत्या संकटातून गेली होती, हे डेन्मार्कच्या घराघराला त्या महिन्यांत समजले असेल.

1956 साली घोड्यांच्या आयातीवरील ऑस्ट्रेलियाच्या निर्बंधांमुळे अश्वारोहणाच्या स्पर्धा मेलबर्नऐवजी स्टॉकहोमला झाल्या. तेथेही सां सीर पहिले आणि हार्टेलबाई दुसऱ्या. व्याधिग्रस्तांना घोड्यावर बसवून उपचार करण्याच्या चळवळीला त्यांच्या उदाहरणाने बळ मिळाले. नेदरलँड्समध्ये या कार्याला वाहिलेली एक संस्था त्यांचेच नाव लावते.

1996 च्या अटलांटापासून पॅरालिंपिकमध्ये ड्रेसाज आहे. स्वारांची पाच श्रेणींत विभागणी होते. खास बनावटीचे लगाम, पोटरीच्या जागी चाबूक, पाय रिकिबीत राहावा म्हणून रबरी पट्टे, अशी साधने रीतसर मंजुरी घेऊन वापरता येतात. माझ्या मते अधिक बिकट प्रश्न आहे तो आज बरे आणि उद्या वाईट अशा चढउताराच्या व्याधींचा. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला उष्मा आणि थकवा यांनी एकाच दिवसात सकाळी एक व संध्याकाळी दुसरे शरीर लाभते. मधुमेही स्वाराला तर ज्या इन्शुलिनवर तो जगतो ते निषिद्ध द्रव्यांच्या यादीत असल्याने वैद्यकीय सवलतीचा परवाना काढावा लागतो. ही कागदपत्रे न्याय्य आहेत, पण आजाऱ्याच्या शिदोरीतून आधीच थोडी असलेली शक्ती तीही खातात, आणि क्रीडासंस्थांनी ती शक्य तितकी सुटसुटीत करावीत, असे मला मनापासून वाटते. ब्रिटनच्या अ‍ॅन डनम मल्टिपल स्क्लेरोसिस सोबत घेऊन वर्षानुवर्षे स्पर्धा करीत राहिल्या. 2016 साली रिओत ब्रिटिश संघाने सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्या 67 वर्षांच्या होत्या.